खिलाडूवृत्तीचा पुरस्कार कोणास द्यावा?

शालेय हॉकी स्पर्धेच्या समारोपात उत्कृष्ट खेळाडूची निवड तुलनेने सोपी असते. गोल मोजता येतात. खिलाडूवृत्तीच्या पुरस्काराचे तसे नाही. पुष्कळदा तो हरलेल्या संघाचे समाधान म्हणून दिला जातो आणि त्याचे मोल कमी होते. परभणी जिल्ह्यातील स्पर्धांत जिंतूर, सेलू, गंगाखेड वा पालमचा विद्यार्थी उतरतो, तेव्हा समाज कोणत्या वर्तनाचा गौरव करतो हे तो पाहत असतो. म्हणून ही निवड विचारपूर्वक व्हावयास हवी.

पहिली कसोटी पंचांच्या नोंदीची. हॉकीत हिरवे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे, तर पिवळे कार्ड मिळालेला किमान पाच मिनिटे मैदानाबाहेर राहतो. लाल कार्ड मिळाल्यास त्यास त्या सामन्यात पुन्हा खेळता येत नाही. परंतु कार्ड न मिळणे म्हणजेच खिलाडूवृत्ती नव्हे. जो चेंडूसाठी झुंजतच नाही, त्याच्या हातून नियमभंग तरी कसा होणार?

याबाबत उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे 1925 पासून लेडी बिंग यांच्या नावाचा चषक सभ्य वर्तनासाठी दिला जातो. मात्र वर्तनाबरोबर उच्च दर्जाचा खेळही आवश्यक मानला जातो. क्रीडा पत्रकार मतदानाने निवड करतात. तरीही बचावफळीतील खेळाडूंच्या वाट्याला हा मान फार क्वचित आला आहे; कारण प्रतिस्पर्ध्यास अडविणे हेच त्यांचे काम असल्याने त्यांच्याकडून नियमभंगही अधिक होतात. आपल्याकडेही बचावपटू आणि गोलरक्षक यांची तुलना आघाडीच्या खेळाडूंशी न करता त्यांच्या जबाबदारीच्या संदर्भात करावी.

दुसरी कसोटी त्यागाची. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये इटलीचे युजेनिओ मोंटी यांनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश जोडीस तिच्या बर्फगाडीसाठी आवश्यक बोल्ट दिला. त्या जोडीने सुवर्णपदक जिंकले. मोंटी यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे पिएर द कुबेर्तँ यांच्या नावाचा जागतिक खिलाडूवृत्ती पुरस्कार प्रथम त्यांनाच मिळाला. स्वतःचे नुकसान होण्याचा संभव असतानाही योग्य तेच करणे, हे या वृत्तीचे खरे लक्षण होय. चेंडू आपल्या पायास लागल्याचे पंचांच्या नजरेतून सुटले असता ते स्वतःहून सांगणारा विद्यार्थी याच पंक्तीत बसतो.

तिसरी कसोटी नेतृत्वाची. नियमानुसार संघातील सर्व खेळाडूंच्या वर्तनाची जबाबदारी कर्णधारावर असते. संतापलेल्या सहकाऱ्यास आवरणारा कर्णधार म्हणूनच विशेष लक्षात घ्यावा.

निवडीची पद्धतही सोपी ठेवता येईल. प्रत्येक सामना संपताच दोन्ही पंचांनी आणि दोन्ही संघांबरोबरच्या शिक्षकांनी एकेक नाव कारणासह लिहून द्यावे. शिक्षकांनी नाव सुचवावे ते प्रतिस्पर्धी संघातील. स्वतःच्या शाळेचे नव्हे. अंतिम निर्णय समितीने या नोंदींवरून घ्यावा. शाळेचा लौकिक, पालकांचे वजन किंवा सामन्याचा निकाल यांना त्यात स्थान नसावे.

पुरस्कार देताना त्याचे कारण सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. पंचायत सदस्यांनी गावी परतलेल्या अशा विद्यार्थ्याचा ग्रामसभेत गौरव केल्यास, त्याने नेमके काय केले हे लहान मुलांनाही कळेल. चषक एकाच्याच हाती जातो. त्यामागील कारण मात्र साऱ्या गावाच्या उपयोगी पडते.