अंगठा माझा, पण यंत्राला पटेना!

"बाई, हा अंगठा माझाच हाय नव्हं?"

रेशनच्या रांगेत अक्कांनी मला असं विचारलं, तेव्हा खरं सांगते मैत्रिणींनो, मला आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. यंत्रावर त्यांनी चार वेळा अंगठा टेकवला होता. चारही वेळा उत्तर एकच, जुळत नाही. त्या आठवड्यातली ही त्यांची तिसरी खेप. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडालेल्या, आणि पिशवी रिकामीच.

अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मुलगा पुण्याला कामाला, घरी त्या एकट्याच. दहाव्या वर्षापासून त्यांच्या मांडीवर सूप आहे. ओलसर तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर! आमच्या सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगरातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्यावरून या हातांची संख्या तुमच्या ध्यानात येईल.

आता या यंत्राबद्दल आपल्या बायकांत दोन तट असतात. हळदीकुंकवाला बसा, लगेच कळतं. एक म्हणते, "यंत्र कधी चुकत नाही हो, माणूसच लबाड!" दुसरी म्हणते, "जळ्ळं मेलं ते यंत्र, पूर्वी वहीत सही केली की धान्य मिळत होतं." मी शाळेत मुलांना शिकवते, बी.ए. झालेली, म्हणून मी आपली पहिलीच्या बाजूची. मीही अक्कांना जरा वैतागूनच म्हटलं होतं, "अहो, हात स्वच्छ धुऊन या की!"

माझी खोड मोडली ती दिवाळीच्या आवराआवरीत. आठवडाभर डबे घासले, धुण्याचा सोडा, फिनेल, सगळ्यांत हात घातले. पाडव्याच्या दिवशी माझाच फोन माझ्या बोटानं उघडेना! बोटं पाहिली, तर टोकं खरखरीत, रेषा पुसट. आठ दिवसांत माझी ही गत, मग पन्नास वर्षं पानं वळणाऱ्या बाईचं काय होत असेल?

बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच उमटतात आणि जन्मभर त्याच राहतात, हे खरं. पण यंत्र वाचतं ते कातडीवरचे उंचवटे. सततच्या घासण्यानं, चुन्यासिमेंटनं ते झिजतात. वय झालं की कातडी कोरडी पडते, सैल होते. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला फक्त वाचता येत नाही. आपण मात्र त्याला वाचता आलं नाही की समोरच्या माणसालाच खोटं ठरवतो. चूक तिथे आहे.

पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्यामागचा हेतू गरिबाच्या नावावर दुसऱ्यानं धान्य उचलू नये, हाही होता. हेतू चांगला, आणि त्याचा उपयोगही आहे. पण अंगठा न जुळल्यामुळे कुणाला उपाशी ठेवायचं नसतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना तसं कळवलंही होतं. हे आपल्याला ठाऊक हवं, म्हणजे रांगेत मान खाली घालावी लागत नाही.

तुमच्या सासूबाईंच्या, कामवाल्या मावशींच्या बाबतीत असं झालं तर काय कराल? हात धुऊन पूर्ण कोरडे करा. यंत्राची काच मऊ फडक्यानं पुसायला सांगा. अंगठाच हवा असं नाही, दहाही बोटं करून बघा. विडी वळणाऱ्यांची करंगळी कधी कधी साथ देते. कार्डावरचं घरातलं दुसरं कुणी असेल तर त्याला घेऊन जा. यंत्राला डोळ्यांची बुबुळं वाचणारा भाग असेल तर तो वापरायला सांगा. नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवण्याची सोय आहे का, ते विचारा.

अक्कांचं घोडं इथेच अडलं होतं. आधारला नंबर मुलाचा, आणि मुलगा कामावर, फोन उचलेना! शेवटी मी सुट्टीच्या दिवशी त्यांना आधार केंद्रात घेऊन गेले. तिथे डोळ्यांवरून ओळख पटली आणि त्यांचा स्वतःचा नंबर जोडला गेला. साधा बटणांचा फोन आहे त्यांचा, पण ओटीपी त्यावरही येतो.

एक शंका तुमच्याही मनात आली असेल. "ओटीपी कुणाला सांगू नका," असं आपणच सगळ्यांना बजावतो, मग दुकानात कसा सांगायचा? फरक एवढाच, की तुम्ही स्वतः समोर उभ्या आहात, तुम्हीच तो मागवला आहे, आणि तो कशासाठी हे संदेशात वाचून घेतलं आहे. फोनवरून कुणी मागितला, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो की पोलिसांचा, तर मुळीच सांगायचा नाही. फसगत होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला फोन लावायचा.

पुढच्या खेपेला अक्कांची पिशवी भरली. परतताना त्या म्हणाल्या, "बाई, माझा अंगठा झिजला म्हणून काय मी झिजले व्हय?" मला उत्तर सुचलं नाही.

यंत्रं येणारच, आणि यावीत. मिक्सरलाही आपण आधी नाकं मुरडलीच होती, पण लाइट गेली तर म्हणून पाटा-वरवंटा कुठे टाकून दिला? तसंच इथेही दुसरी वाट मोकळी हवी. तेव्हा या आठवड्यात एवढं एक काम कराच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे, तो अजून चालू आहे का, बघून ठेवा. रांगेत उभं राहिल्यावर ते कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, नाही का?