शेव वेगळी बांधून द्या!

पगाराचा एसएमएस आला की संध्याकाळी आपण मॉलमध्ये असतो. नवे शूज, तीनशे रुपयांची कॉफी, पॉपकॉर्नचा भलामोठा टब... मजा येते, नाही कशाला म्हणा! पण सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडल्यावर यातलं नेमकं काय आठवतं? आम्हा वरणगावकरांना विचाराल, तर आमची आवडत्या गोष्टींची यादी जरा वेगळी आहे. अख्खी यादी पाचशेच्या एका नोटेत बसते. अडचण एकच. यातलं फारसं काही घरपोच येत नाही आणि प्रत्येक गोष्टीचा सीझन ठरलेला आहे. म्हणजे रजेचा अर्ज टाकायचा तो कॅलेंडरमधल्या लाल तारखा बघून नाही, तर वांगी बघून.

वरणगाव कुठे, हा प्रश्न पुण्यात दर नव्या रूममेटला पडतो. भुसावळहून नागपूरकडे निघालात की लगेच लागतं. जळगाव जिल्हा, सुरत-नागपूर हायवे, १९६४पासूनचा दारूगोळा कारखाना आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास घुटमळणारा पारा. टुरिस्ट म्हणून इथे कुणी येत नाही. बरंच आहे!

तर वांगी. डिसेंबर-जानेवारीत रजा मिळत असेल, तर बाकी सगळे प्लॅन कॅन्सल करा आणि कुणाच्या तरी शेतातल्या भरीत पार्टीचं आमंत्रण मिळवा. आमचं भरताचं वांगं मोठं, हिरवट-पांढरं आणि कमी बियांचं. २०१६ साली त्याला रीतसर भौगोलिक मानांकनही मिळालं, आता बोला! ही वांगी भाजायची पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. कापूस वेचून झाला की याच दिवसांत या काड्या शेतात मोकळ्या होतात, म्हणून तर मुहूर्त हिवाळ्याचा. गॅसवर आच एकाच जागी लागते आणि साल तेवढी करपते. काड्यांच्या जाळात वांगं चहूबाजूंनी होरपळतं, धूर आतपर्यंत मुरतो. मग गरम असतानाच सोलायचं, बोटं फुंकत फुंकत. लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं, वरून तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत पुरी किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. टोमॅटो घालणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त परत बोलावत नाही.

पण या पार्टीची खरी गंमत वेगळीच. इथे जाळ पेटवण्यापासून भरीत ठेचण्यापर्यंत बरंचसं काम पुरुषमंडळी करतात. ज्यांना घरी चहाचं आधण ठेवता येत नाही, ते काका लोक शेतात एकदम मास्टरशेफ! हे मुद्दाम सांगायचं कारण आहे. मागे एकदा आईला सहज विचारलं, तुझ्या सगळ्यात आवडीचं खाणं कुठलं गं? मला वाटलं, पुरणपोळी म्हणेल, आमरस म्हणेल. तव्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "दुसऱ्याच्या हातची गरम भाकर." आपल्या 'घरच्या चवीच्या' गप्पा ऐकायला छान वाटतात, पण त्या चवीमागे कुणाच्या तरी आयुष्यातली किती वर्षं चुलीपुढे गेली, ते आपल्या लिस्टमध्ये कधीच नसतं. तेव्हा माझं रेकमेंडेशन नंबर एक: या हिवाळ्यात भाकरी थापायला शिका. पहिल्या चार नकाशे होतात, होऊ द्या. पाचवी आईच्या ताटात गरम वाढा आणि तिचा चेहरा बघा. यासाठी पैसे पडत नाहीत.

पावसाळ्यात रजा असेल तर हतनूर धरण. वरणगावहून बाईकवर झटकन पोचता. तापीवरचं हे धरण, दरवाजे ४१, आणि ते उघडल्याची बातमी आली की आख्खं गाव 'पाणी पाहायला' निघतं. भारी गोष्ट अशी, की इकडे गावात थेंब नसतो, आभाळ कोरडं ठक्क, आणि धरणातून मात्र पाणी धो धो सुटलेलं असतं. कारण पाऊस पडलेला असतो वर, मध्य प्रदेशात आणि विदर्भात. तो तापी-पूर्णेतून आपल्याकडे येतो. कणीस घ्यायचं, लांब उभं राहायचं, काहीच बोलायचं नाही. हिवाळ्यात इथेच पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. दुर्बीण असलेला एखादा मित्र मात्र हवा.

केळ्यांबद्दल बोलायलाच नको. म्हणजे बोलतोच! शहरात मिळतं ते केळं हिरवं कापून बंद खोलीत पिकवलेलं. शेतात सावलीला टांगलेल्या घडातलं, सवडीने पिकलेलं एक खाऊन बघा. आणि हो, आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, ते 'केयं' असतं.

उन्हाळ्यात यायचा सल्ला सहसा कुणी देत नाही, मी देतो. पण पहाटे पाचला गच्चीवर या. ऊन चढायच्या आत चार घरच्या बाया मिळून पापड, बिबडे, कुरडया घालत असतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. उडदाच्या पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाणं किंवा अर्धवट वाळलेला, मऊ, ओला बिबडा पळवणं, याला जगात तोड नाही. फक्त फुकट खायचं नाही. पोळपाट घ्या, बसा, दहा पापड लाटा. कंबर काय म्हणते ते ऐका. पुढच्या वेळी बचतगटाचे पापड विकत घेताना घासाघीस करणार नाही तुम्ही.

आता परतीचा प्रवास. रात्रीच्या गाडीआधी शेवभाजी पार्सल घ्यायची ती हायवेच्या ढाब्यावरून, आणि काउंटरवर एकच वाक्य ठणकावून म्हणायचं: शेव वेगळी बांधून द्या! नाहीतर ती जाड, तिखट शेव काळ्या रश्श्यात फुगून गाडी हलायच्या आत लगदा होते. रस्सा आधी उघडायचा, शेव घासागणिक घालायची. समोरच्या बर्थवरच्या अनोळखी माणसाला विचारायचं, घेता का? वासाने तो जागाच असतो.

बिबड्यांचा डबा मात्र सीटखाली सरकवू नका, वरच्या बर्थवर उशाशी ठेवा. खाली ठेवला तर पुण्याला चुरा पोचतो. चुराही वाया जात नाही म्हणा. कच्चं तेल, तिखट, बारीक चिरलेला कांदा. रूममेट उठायच्या आत.