पुठ्ठा, प्लायवूड आणि अंतराळयान

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही अंगणात किल्ला केला असेलच. दगडगोटे रचायचे, वर ओले पोते अंथरायचे, चिखलाचा लेप द्यायचा आणि हळीव पेरायचे. सगळे मनासारखे होते. पण मावळे मांडू लागलो, की घोटाळा उघडकीस येतो. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच आणि बुरुजावरची तोफ त्याच्या जोड्याएवढी! किल्ला पाहायला आलेली मंडळी भिडेखातर काही बोलत नाहीत. कॅमेरा मात्र असा भिडस्त नसतो.

हे सांगायचे कारण असे, की जगात कितीतरी हौशी मंडळी आपल्या आवडत्या विज्ञानकथेचे चित्रपट स्वतः तयार करतात. पैसा थोडा, जागा अडचणीची, आणि उभे करायचे असते ते शेकडो मीटर लांबीचे अंतराळयान. मग ही मंडळी करतात तरी काय?

अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात ‘स्टार ट्रेक’ नावाची दूरचित्रवाणी मालिका चालली. ती बंद पडल्यावर ‘एंटरप्राइझ’ या यानाचे नेपथ्य मोडून टाकण्यात आले. पुढे जेम्स कॉली नावाच्या एका चाहत्याने ते पुन्हा जसेच्या तसे उभारायचे ठरवले. एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या वेषात त्याची गाणी सादर करणे हा त्याचा पेशा. पण त्याच्याजवळ एक मोलाची वस्तू होती. मूळ मालिकेचे वेषभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्या हाताखाली काम करताना त्याला नेपथ्याच्या मूळ आराखड्यांची प्रत मिळाली होती. आराखडा म्हणजे मापे, आणि मापे मिळाली म्हणजे निम्मे काम झाले. पदरचे पैसे घालून आणि मित्रांना सुतारकामाला जुंपून कॉलीने न्यूयॉर्क राज्यात हे यान खोली-खोलीने उभे केले. २००४ पासून त्याच्या गटाचे भाग इंटरनेटवर विनामूल्य दिसू लागले. मूळ मालिकेतले जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर केनिग हे नटही त्यात काम करून गेले.

मौज अशी, की मूळ नेपथ्यही काही सोन्यारुप्याचे नव्हते. तेथेही पैशांची ओढाताणच होती. यानाची दारे माणूस जवळ येताच आपोआप सरकत. पण ती ओढायला आडोशाला माणसे उभी असत! डॉक्टरांची काही उपकरणे म्हणजे चक्क आकाराने चमत्कारिक अशा मीठदाण्या. आणि भिंती? त्या बहुतेक राखाडी होत्या. राखाडी रंग सर्व रंगांचा प्रकाश साधारण सारख्या प्रमाणात परावर्तित करतो. दिव्यापुढे जांभळा कागद धरला की भिंत जांभळी, हिरवा धरला की हिरवी. रंगाचा डबा न उघडता खोली बदलली. भिंत लाल रंगाची असती तर? तिच्यावर हिरवा प्रकाश टाकून पाहा. ती काळपट दिसेल. कारण हिरवा प्रकाश ती बहुतांशी शोषून घेते.

यंत्रदालनातली युक्ती तर याहून नामी होती. जाळीच्या मागे लांबच लांब नळ्या गेलेल्या दिसत. प्रत्यक्षात त्या थोड्याच लांबीच्या होत्या आणि मागे मागे निमुळत्या होत गेल्या होत्या. निम्म्या उंचीचा खांब निम्म्या अंतरावर ठेवला, तर तो पूर्ण उंचीच्या दूरच्या खांबाएवढाच दिसतो. आपल्याला दोन डोळे असल्यामुळे जवळच्या वस्तूच्या अंतराचा अंदाज येतो आणि ही लबाडी पकडता येते. कॅमेऱ्याला डोळा एकच. मात्र त्याने जागा सोडता कामा नये. तो बाजूला सरकला, की लहान खांब लहान आहे हे उघडे पडते.

आता लहान प्रतिकृती चित्रित करायची असेल तर? येथे गुरुत्वाकर्षण आडवे येते. समजा, कथेत ३२ मीटर उंचीचा मनोरा कोसळायचा आहे आणि तुमची प्रतिकृती आहे २ मीटरची, म्हणजे एक षोडशांश. खऱ्या मनोऱ्याच्या टोकावरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे २.५६ सेकंद लागतात. प्रतिकृतीवरून मात्र ०.६४ सेकंदच. म्हणजे उंची सोळापट कमी, पण वेळ चौपटच कमी. हे वर्गमुळाचे नाते तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला असाल. तेव्हा सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रे घ्यायची आणि दाखवताना २४ च्या वेगाने दाखवायची. मग दगड अगदी भारदस्तपणे खाली येतो. आज मोबाइल फोनमध्येही सेकंदाला १२० चित्रे घेण्याची सोय बहुधा असते. १२० भागिले २४ म्हणजे ५, आणि पाचाचा वर्ग २५. म्हणजे तुमचा किल्ला खऱ्याच्या एक पंचविसांश असेल, तर बुरूज पाडायला हा वेग अचूक बसेल.

पाण्याला मात्र ही युक्ती पुरती लागू पडत नाही. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार ठरतो. किल्ला लहान केला म्हणून खंदकातला थेंब लहान होत नाही. खेळण्यातली बोट पडद्यावर पाहताक्षणी ओळखू येते ती या थेंबांमुळे.

घरातल्याच वस्तू घेऊन सरळ थट्टा करण्याचाही एक मार्ग आहे. १९७८ सालच्या ‘हार्डवेअर वॉर्स’ या लहानशा चित्रपटात अंतराळात वाफेची इस्त्री उडते आणि पाव भाजायचे टोस्टर तिचा पाठलाग करतात. खर्च सुमारे ८,००० डॉलर. फिनलंडमधील साम्युली तोर्सोनेन याने तर नेपथ्य बांधलेच नाही. निळ्या पडद्यापुढे माणसे उभी करायची आणि निळ्याच्या जागी संगणकावर काढलेले यान भरायचे. निळाच का? माणसाच्या कातडीत निळा रंग फार कमी असतो, म्हणून पडदा आणि चेहरा वेगळे करणे संगणकाला सोपे जाते. (निळा सदरा घालून उभे राहिलात, तर नुसते मुंडके तरंगेल!) ‘स्टार रेक’ हा त्याचा पूर्ण लांबीचा विनोदी चित्रपट २००५ मध्ये आला. त्याला सात वर्षे लागली. या वर्षांचा हिशेब तुम्ही कुठल्या खात्यात मांडाल? माझ्या मते हौशी लोकांचे खरे भांडवल तेच असते.

पण दुसऱ्याच्या कथेवर स्वतःचे यान उभारण्यात एक धोका असतो. कथेचे हक्क मूळ कंपनीचे. पैसे मिळवत नाही तोवर कंपनी बहुधा काणाडोळा करते. पुढे एका गटाने चाहत्यांकडून १० लाखांहून अधिक डॉलर गोळा केले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. जून २०१६ मध्ये कंपन्यांनी नियम जाहीर केले: एक भाग १५ मिनिटांपेक्षा मोठा नको, वर्गणी ५०,००० डॉलरच्या पुढे नको, आणि काम करणाऱ्यांना मोबदला नको. कॉलीचे भाग याहून कितीतरी लांब असत. प्लायवूडचे सगळे यान उभे होते, आणि आत चित्रित काय करायचे हा प्रश्न पडला होता.

कॉलीने कंपनीकडून रीतसर परवाना घेतला आणि त्याच वर्षी टिकॉन्डेरोगा या लहानशा गावात ते नेपथ्य लोकांना पाहण्यासाठी खुले केले. आता तिकीट काढून कोणालाही कप्तानाच्या खुर्चीपर्यंत जाता येते. यंत्रदालनाच्या जाळीपाशी गेलात, तर एक डोळा मिटून आत पाहा.