हातातला फोन आणि आपली जबाबदारी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. आपले म्हणणे चार लोकांपुढे मांडण्यासाठी त्या काळी पैसा, छापखाना आणि वर्गणीदार यांची केवढी जुळवाजुळव करावी लागे! आज मुर्धा, राई, मोर्वा या आपल्या गावांत घरोघरी मोबाइल आहे. बोटाच्या एका स्पर्शाने आपला शब्द शेकडो लोकांपर्यंत पोहोचतो. साधन सोपे झाले. जबाबदारी मात्र कमी झालेली नाही. वर्तमानपत्रात मजकूर तपासायला संपादक असतो. मोबाइलवर ते काम ज्याचे त्यानेच करावे लागते.

ते न केल्यास काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या प्रबोधनपर फिल्मची होती. तिचा खुलासा करणारा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. ती पुढे धाडणारे बहुतेक जण आपण सावधगिरीच बाळगतो आहोत, असे समजत होते. अफवेचा घाव मात्र गरीब, परक्या आणि निराधार माणसावर आधी बसतो. ऐकीव गोष्टींवरून माणसाची पारख होण्याचे दुःख आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. म्हणून आपण तरी ही चूक करू नये.

यासाठी काही साध्या सवयी आम्ही सुचवितो.

पहिली सवय थांबण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली, की तो संदेश अनेक हातांतून आला आहे असे समजावे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो, हे बंधन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घातले. कोणी सांगितले, केव्हा आणि कुठे घडले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत संदेश आपल्यापाशीच ठेवावा. छायाचित्र जुने आहे का, हे गूगल लेन्सवर शोधता येते.

दुसरी सवय बोलण्याची. सम्यक वाचा ही फोनवरही पाळायची असते. गटात कोणाची चूक दिसली, तर चारचौघांत पाणउतारा न करता त्याला वेगळे कळवावे. समोर बसून जे बोलणार नाही, ते लिहूही नये.

तिसरी सवय वेळेची. विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अनावश्यक सूचनांचा आवाज बंद करा.

चौथी सवय उपयोगाची. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले, की अखेरची तारीख आणि लागणारे दाखले तेथूनच पाहून गटावर टाकावेत. एका विद्यार्थ्याचे वर्ष त्यामुळे वाचू शकते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंडही आता फोनवर वाचता येतात. रोज दोन पाने वाचली तरी पुष्कळ झाले. फोनवरून कोणी पैशाची फसवणूक केली, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि इतरांनाही सावध करावे.

या सवयींना पैसा लागत नाही, थोडा संयम लागतो. पुढचा संदेश पाठविण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने स्वतःला विचारावे : हे खरे आहे काय, आणि याने कोणाचे भले होईल काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच तो पाठवावा, एवढीच आमची विनंती.