तडा दिसला, पण ऐकलं कोणी?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली. भिंतींचे तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक बंद राहिली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. म्हणजे माहिती होती. कामगाराच्या शब्दाला वजन नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ब्रँड आणि कामगार संघटनांनी कायद्याने बंधनकारक असा ‘अकॉर्ड’ करार केला. अध्यक्ष तटस्थ, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा. अभियंत्यांचा तपासणी अहवाल मालक, ब्रँड आणि कामगार प्रतिनिधी अशा तिघांकडेही जायचा, मग जाहीर व्हायचा. दुरुस्तीला मुदत असायची. सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं ते याचसाठी, की तडा पाहणाऱ्याला ‘आत जाणार नाही’ म्हणता यावं.