गाव कुणाचं ऋण मानतं?

आता बघा, रोमन दंतकथा सांगते की रोम्युलसच्या आधी पॅलाटाइन टेकडीवर आर्केडियाहून आलेल्या इव्हॅन्डर नावाच्या ग्रीकाने वस्ती केली. लिपी आणि कायदेही त्यानेच आणले. एवढ्या बलाढ्य रोमने परक्याचं ऋण उघडपणे मानलं!

आपल्या जालन्याचंही तसंच. आख्यायिकेनुसार हे रामायणकाळचं जनकपूर. पुढे एका श्रीमंत मुसलमान जुलाह्याने, म्हणजे विणकराने, गावावर उपकार केले आणि त्याच्या इच्छेवरून जालना हे नाव पडलं.

इतिहास म्हणून दोन्ही कथा सिद्ध होत नाहीत. मग त्यांचं मोल काय? घडलं काय, हे आख्यायिकेतून कळत नाही. गाव कुणाला आपलं मानतं, ते कळतं. जनकपूर सांगणारं गाव जुलाह्यालाही विसरलं नाही. आपण यातली अर्धीच कथा सांगत राहिलो, तर गावही अर्धंच उरेल.