जालपटल-वियोजन, मधुमेही रुग्णांतील

डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडदा (जालपटल) त्याच्या मागील रंजकद्रव्ययुक्त थरापासून सुटून येणे म्हणजे जालपटल-वियोजन होय. मधुमेही व्यक्तींत ही विकृती मोतीबिंदूच्या वा अन्य नेत्रशस्त्रक्रियेनंतर उद्‌भवू शकते. तिचा प्रतिबंध मात्र मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वीच करावा लागतो.

वियोजनाच्या एका प्रकारात जालपटलास छिद्र पडून त्यातून द्रव मागे शिरतो. मोतीबिंदू काढताना भिंगाचे मागील आवरण फाटल्यास या प्रकाराचा धोका वाढतो. डोळ्यापुढे काळे ठिपके वा चमक दिसणे ही त्याची पूर्वचिन्हे असून ती दिसताच तपासणी करून घ्यावी. दुसरा प्रकार विशेषेकरून मधुमेहात आढळतो. रक्तपुरवठा अपुरा पडल्याने जालपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या व त्यांबरोबर तंतुमय पटले वाढतात. ती आकसली म्हणजे जालपटल ओढले जाऊन सुटते. यात पूर्वसूचना बहुधा मिळत नाही व मध्यभाग सुटेपर्यंत दृष्टी बरी राहते. म्हणून रुग्णाच्या तक्रारीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

मधुमेह्याचा मोतीबिंदू काढण्यापूर्वी बाहुली विस्फारून जालपटल तपासतात. मोतीबिंदू दाट असल्यास सोनोग्राफी करतात. नव्या वाहिन्या आढळल्यास लेसर किरणांनी जालपटलाच्या परिघीय भागावर सूक्ष्म डाग देतात. या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, असे अमेरिकेतील बहुकेंद्री पाहणीत १९७६ मध्ये दिसून आले. वाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शनेही डोळ्यात देतात. परंतु त्यांमुळे तंतुमय पटले झपाट्याने आकसून वियोजन घडू शकते. म्हणून काचाभ द्रव काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ती दिल्यास शस्त्रक्रिया थोड्याच दिवसांत उरकतात.

मुंबईतील झोपडपट्ट्यांत २०१०–२० या दशकात आदित्य ज्योत या संस्थेने पाहणी केली. तीत मधुमेहींपैकी सु. १५% व्यक्तींत मधुमेहजन्य जालपटल-विकृती आढळली. मोतीबिंदू काढून रुग्णास चष्मा देऊन मोकळे करणे अशांच्या बाबतीत अपुरेच होय. मोतीबिंदू निघाल्यावर जालपटल कित्येकदा प्रथमच स्पष्ट दिसते व राहिलेला लेसर उपचार पुरा करता येतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर विकृती बळावण्याचा संभव असतो. यास्तव बोरिवली वा मुलुंडहून लोकलने पुन्हा येण्याचा त्रास पडला, तरी पुढील काही महिन्यांतील तपासण्या चुकवू नयेत.

काचाभ द्रव काढल्यावर जालपटल जागी दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायू वा सिलिकोन तेल भरतात. वायू भरला असता सांगितलेल्या स्थितीत, बहुधा पालथे, मस्तक ठेवावे लागते. तो पूर्ण शोषला जाईपर्यंत (वायूच्या प्रकारानुसार सु. २ ते ८ आठवडे) अंधेरीच्या विमानतळावरून विमानप्रवास करता येत नाही. लोणावळ्याचा घाट (सु. ६२० मी.) चढण्यापूर्वीही डॉक्टरांची अनुज्ञा घ्यावी, कारण हवेचा दाब घटताच वायू प्रसरण पावून डोळ्यातील रक्तप्रवाह थांबू शकतो. याच काळात अन्य शस्त्रक्रिया करावी लागल्यास नायट्रस ऑक्साइडाची भूल टाळण्यासाठी भूलतज्ज्ञास डोळ्यातील वायूची कल्पना द्यावी लागते.